अंड्यांच्या गाडीची हवा

पौष संपत आला तरी थंडी हटायला तयार नव्हती. गारगोटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पेटवलेल्या उसाच्या पाल्याचा धूर धुक्यात मिसळून जमिनीलगत पडून राहिला होता. जकात नाक्यावरचा दिवा त्यात नुसता पिवळा ठिपका दिसत होता. सन दोन हजार दोन. रत्नव्वानं खोपटाच्या फळ्या काढल्या, कोपऱ्यात रचल्या आणि आधी कॉम्प्रेसरच्या पोटाखालचा स्क्रू ढिला केला. रात्रभर साठलेलं गंजकट पाणी फुस्सदिशी बाहेर आलं. ते थांबेपर्यंत ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग अर्ध्या कापलेल्या पिंपात नळाचं पाणी भरलं. त्या पाण्यात ट्यूब बुडवून भोक शोधायचं, म्हणजे बोटं पहिल्या पाच मिनिटांतच बधिर व्हायची. त्यावर तिचा उपाय एकच, पहिली ट्यूब सायकलची घ्यायची. लवकर होते, आणि तोवर हाताला सवय लागते.

शेवटी खोपटासमोरची जागा झाडून तिनं रांगोळीच्या चार रेघा ओढल्या. एवढं झालं की दुकान उघडलं.

रत्नव्वा मूळची संकेश्वराकडची. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा तिला मराठी धड बोलता येत नव्हतं, आणि नवरा रुद्रय्या दोन्ही भाषांत मुका म्हणावा इतकं कमी बोलायचा. त्याचं हे पंक्चरचं खोपटं. रुद्रय्याला मीटर लागत नसे. टायरवर चाक काढायची लोखंडी टॉमी आपटायचा, कान वाकडा करायचा आणि म्हणायचा, "पन्नास." मीटर लावून बघितलं तर पन्नासच. गाडीवाले पैज लावून दमले. चौऱ्याण्णवच्या श्रावणात तो गेला. छातीत कळ आली, म्हणून दुकानातल्याच बाकड्यावर आडवा झाला तो उठला नाही. पोरगा सोमशेखर तेव्हा दहावीला होता. दिराचं म्हणणं होतं, खोपटं विकून टाकावं. रत्नव्वा तेराव्या दिवसानंतर टॉमी घेऊन खोपटात येऊन बसली.

पहिलं वर्षभर ट्रकवाले तिच्याकडं बघून पुढं जायचे. बाईच्या हातनं ट्रकचं चाक निघेल कसं? मग एका रात्रपाळीच्या ड्रायव्हरचं चाक पहाटे तिथंच बसलं आणि त्याला दुसरा इलाजच राहिला नाही. रत्नव्वानं पान्याला लांब पाइप लावला, त्यावर सगळं अंग टाकून उभी राहिली आणि नट सोडवले. "ताकदीचं काम न्हाई ते, लांबीचं हाय," असं म्हणाली. ड्रायव्हरनं ते चार ठिकाणी सांगितलं. गाडीवाले थांबू लागले. पोरगा पुढं शिकला, वारणानगरच्या कारखान्यात लागला. "आव्वा, आता बास कर," म्हणून प्रत्येक सुट्टीला येऊन सांगू लागला. ती "बघू की" म्हणायची आणि कॉम्प्रेसरचा पट्टा ओढून बघायची.

रुद्रय्याचा कान मात्र तिला आला नाही. टॉमी आपटली की तिला नुसतं ठण्ण ऐकू यायचं. ट्रकचं त्यावाचून अडत नव्हतं, कारण ट्रकवाला आकडा स्वतःच सांगायचा. जीपचं ठरलेलं होतं. घोळ घातला तो पिकअपनी. ही गाडी धड जीप नाही, धड ट्रक नाही. जीपवरून आलेला ड्रायव्हर तीस पौंड मारून घ्यायचा, ट्रकवरून आलेला ऐंशी म्हणायचा. आणि काहीही विचारलं की दोघंही छातीवर हात ठेवून सांगायचे, बरोबर हाय.

त्या गुरुवारी सकाळी धुक्यातून पिराजीची पिकअप आली. पिराजी गारगोटीकडच्या एका पोल्ट्रीतली अंडी रोज शाहूपुरीतल्या आकारामशेठला घालायचा. हौद्यात ट्रेवर ट्रे, तीनशे ट्रे, वर ताडपत्री. येता-जाता तिचं खोपटं वाटेतच. पण आज गाडी वळली तीच मागच्या फाळक्यातून पिवळं गाळत. मागं एक कुत्रं जिभल्या चाटत पळत होतं.

"वाऱ्याच्या खालच्या अंगाला लाव बाबा," रत्नव्वा नाकाला पदर लावत म्हणाली. घरात कधी अंडं न आलेली बाई. "सकाळी सकाळी काय ह्यो वास!"

"मावशी, वासाचं सोडा. माजं भाडं चाललंय हातचं." पिराजी खाली उतरला. पस्तिशीचा गडी, डोक्याला टॉवेल, तोंडावर रात्रभराचं जागरण. "काल दोनशे सोळा फुटली. शेठनं समद्यांदेखत सुनावलं. सोमवारी शंभराच्या आत आणलीस तर ठीक, म्हणला, न्हाईतर मंगळवारपासनं दुसरी गाडी."

"मग अंडी नीट भर की."

"भरून भरून नीट भरली. कोंडा घातला, पोती घातली. रस्ता वाईट हाय, पर तो काय आजचा हाय व्हय? गाडी बसतीया, मावशी. मागचं टायर दबतंय, म्हणून दणका बसतोय. पाच पौंड वाढवा."

"आता किती हाय?"

"पासष्ट. मागं गूळ भरत हुतो तवापासनं पासष्टच मारतोय."

रत्नव्वानं मागच्या टायरला हात लावला. गरम होतं. "बस. चा पी. तापलेल्या टायरला मीटर खोटं बोलतं."

पिराजी चहा प्यायला. ती मात्र टायरसमोरच उभी राहिली. गाडी वळताना तिच्या रांगोळीवरून गेली होती, आणि मागच्या टायरला रांगोळीचा पांढरा पट्टा उमटला होता. पण तो टायरभर नव्हता. मधोमध तीन बोटं रुंद. दोन्ही कडा कोऱ्या. तिनं पलीकडं जाऊन दुसरं चाक बघितलं. तिथंही तसंच.

चाक पोटावर उभं आहे. कडा जमिनीला टेकतच नाहीत. असं तिच्या मनात आलं. पण रांगोळी म्हणजे भुकटी, चार हात जागेतली. तेवढ्यावर कुणाचं भाडं कसं टांगायचं? टायरवर आडवी रेघ ओढावी, गाडी थोडी सरळ पळवावी आणि रेघ कुठं पुसली ते बघावं. मधली पुसली तर हवा जास्त. कडेची पुसली तर कमी. सगळी सारखी पुसली तर बरोबर. तिनं पानपट्टीचा चुना लावून बघितला, तो नुसता फासला गेला. खडू आणायचा तर दुकानं नवाशिवाय उघडत नव्हती, आणि शाहूपुरीत शेठ घड्याळ बघत बसलेला.

मग तिचं लक्ष कोनाड्याकडं गेलं. रुद्रय्याची विभूतीची वडी तिथं तशीच होती. दुकान उघडलं की आधी कपाळावर तीन बोटं ओढायचा. आठ वर्षांत ती वडी तिनं हलवली नव्हती. स्वतःची विभूती ती घरूनच लावून यायची.

तिनं वडी उचलली, क्षणभर कपाळाला टेकवली आणि चारी टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकेक जाड रेघ ओढली. काळ्या रबरावर झकास उठली.

पिराजीनं कप खाली ठेवला. "मावशी..."

"वडाच्या झाडापतूर सरळ जा. तिथनं वळून ये. ब्रेक मारू नको, खड्ड्यात घालू नको."

"पर ही..."

"जा म्हणतोय न्हवं!" मनावर काही असलं की रत्नव्वा पुरुषासारखी बोलायची. कानडी मुलखातून आल्यावर पहिल्या वर्षात मराठीचा जो घोळ झाला, तो तिनं पुढं ठेवूनच घेतला होता.

का जायचं ते तिनं सांगितलं नाही. रुद्रय्याही कधी गाडीवाल्याला सांगत नसे. सांगत बसलं की गाडीवाला आपलं शहाणपण त्यात घालतो, असं त्याचं मत.

पिराजी गेला. धुक्यात गाडी दिसेनाशी झाली आणि बऱ्याच वेळानं परत आली. एवढा वेळ का लागला, हे तिनं विचारायला हवं होतं. पण ती थेट टायरपाशी बसली. रेघ गेली होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सारखी. चारी चाकांवर.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. डोळ्याला मघाशी एक दिसलं होतं आणि रेघ दुसरंच सांगत होती. रेघ म्हणजे माप. डोळा म्हणजे आपला अंदाज.

"हवा बरोबर हाय तुझी," ती म्हणाली.

"तरी पाच वाढवा, मावशी. मनाचं समाधान."

तिनं वाढवली. रांगोळीचा पट्टा डोळ्यापुढं होता, तरी वाढवली.

शुक्रवारी दुपारी पिराजी परतीच्या वाटेवर थांबला. जाताना तो कोंबड्यांच्या खाद्याची पोती घेऊन जायचा, म्हणून गाडी मागं चांगलीच दबली होती. तो खाली उतरला नाही. काचेतूनच म्हणाला, "तीनशे सात."

रत्नव्वाच्या हातात ट्यूब होती. पॅचला सोल्युशन लावलेलं वाळून गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. बाकड्यावर टेकलेला एक ट्रकवाला म्हणाला, "रुद्रय्या असता तर ठोकून सांगितलं असतं." वाईट बोलावं म्हणून तो बोलला नव्हता. ते तिला जास्त लागलं.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं जेवताना सोमशेखरला फोन करायचा विचार केला. पोरगं कारखान्यात मशिनवर होतं, त्याला हवेचं कळत असणार. मग वाटलं, तो म्हणणार, "आव्वा, आता बास कर." तिनं फोन केला नाही.

शनिवारी सकाळी धुकं कमी होतं. पिराजी आला तो हसतच उतरला. हसायचं कारण नव्हतं, पण माणूस एवढा खचला की असं होतं.

"मावशी, आज बी चाकाला अंगारा लावा. परवा लावलासा तर निदान पंक्चर तरी न्हाई झालं."

"अंगारा?"

"विभूती वो तुमची." त्यानं डोक्याचा टॉवेल सोडून दाखवला. त्याच्या एका टोकाला राखाडी पांढरे डाग होते. "एक कण वाया न्हाई घालवला. धुक्यात शिरलो तसा लगीच थांबलो, चारी चाकांची पुसून घेतली. कपाळाला लावली, उरलेली पुडी बांधून देव्हाऱ्यात ठेवलीया. मंडळी बी म्हणाली, रत्नव्वा मावशी म्हंजे मोठ्या मनाची बाई."

रत्नव्वाच्या हातातली टॉमी खाली पडली.

"पुसलीस?"

"मग! अंड्यांची गाडी. तुमी लिंगायत माणसं, तुमच्यात अंड्याला शिवत न्हाईत. तरी माझ्यासाठनं नवऱ्याच्या हातची विभूती काढलासा. ती म्या शेणामुतातनं फिरवू व्हय? एवढं बी कळत न्हाई मला?"

"किती कळतंय रं तुला! शिवा, शिवा, शिवा!" रत्नव्वा मटकन पडलेल्या टायरवर बसली. आधी तिनं कपाळावर हात मारून घेतला, मग त्याच्या हातातला टॉवेल ओढून त्याच्या पाठीत दोन सपकारे दिले. "अरं गाढवा, ती पूजा नव्हती! माप हुतं ते माप! रेघ कुठं झिजती ते बघायचं हुतं मला. तू पुसून आणलास अन् मी आपली म्हणत बसलो, काय झकास झिजलीया!"

पिराजी आ वासून उभा. "मग सांगायचं न्हाई व्हय?"

रत्नव्वानं टॉवेल त्याच्या हातात परत दिला. ती म्हणाली, "व्हय. सांगायला पायजे हुतं. आता सांगतो. नीट ऐक."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं गाडीवाल्याला सगळं उलगडून सांगितलं. मधला भाग, कडा, जास्त, कमी. पिराजी ऐकत होता. पण वडी तिनं पुन्हा हातात घेतली तेव्हा त्याचा पाय पुढं होईना.

"मावशी, त्यावरनं गाडी घालायची म्हंजे... दुसरं काय न्हाई का?"

"हाय की. नऊ वाजता दुकान उघडंल. तवर शेठ थांबंल?"

पिराजीनं मान हलवली.

"माझा नवरा आख्खा जन्म ह्या टायरातच बसला," रत्नव्वा म्हणाली. "त्याची विभूती टायराला लागली तर त्याला काय नवं न्हाई. पाप लागलं तर मला लागंल. जा."

टायर निवेपर्यंत थांबून तिनं मीटर लावलं. मागं सत्तर, गुरुवारपासून तसंच. रेघा ओढल्या. पिराजी वडापर्यंत जाऊन आला आणि दोघं टायरपाशी वाकले. मधोमध तीन बोटं रेघ साफ गेलेली. कडेला दोन्हीकडं जशीच्या तशी पांढरी.

"पोटावर पळतीया तुझी गाडी," रत्नव्वा म्हणाली. "दगडागत कडक झाल्यालं टायर. खड्ड्याचा दणका टायर खात न्हाई, सरळ वर स्प्रिंगच्या पाट्यास्नी देतंय. पाटे ट्रेला देत्यात."

"पर गाडी भरल्याली हाय की, मावशी! बघा, ताडपत्री दोरीला लागलीया."

"भरल्याली दिसती. वजन कुठाय त्यात? एक ट्रे उचल बघू. अन् खाद्याचं एक पोतं उचल. गुळाची हवा तू अंड्याला मारतोयस."

पिराजीनं तोंडात बोट घातलं. मागं दोन वर्षं तो गूळ ओढत होता. भरलेली गाडी म्हणजे पासष्ट, हे त्याच्या अंगात बसलं होतं. हौदा वरपर्यंत दिसला की हात आपोआप पासष्ट सांगायचा.

तिनं साठ केली. रेघ, वड, परत. मधला भाग अजून जास्त झिजत होता. पन्नास केली. कडा जरा मळल्या. प्रत्येक खेपेला पिराजी वाकून बघायचा आणि आधी आपला अंदाज सांगायचा, पैज लावल्यासारखा. पंचेचाळीसला तो म्हणाला, "झालं," ती म्हणाली, "न्हाई अजून." बेचाळीसला रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसट झाली. खात्री करायला तिनं अडतीस करून बघितली, तर कडा गेल्या आणि मधला भाग राहिला. पुन्हा बेचाळीस. पुढच्या चाकांना चौतीस. विभूतीची वडी निम्मी झाली होती. तिनं ती फुंकर मारून कोनाड्यात ठेवली.

"आता शेठकडं जा. आजचं इथवर फुटलं ते फुटलं. सोमवारचं बघू."

पण दुपारी तो खाद्याची पोती भरून परत आला तेव्हा रत्नव्वाच टॉमी घेऊन रस्त्यात उभी राहिली. मागची टायरं पसरली होती, कडा फुगून बाहेर आल्या होत्या.

"ह्याच हवेवर गारगोटीपतूर गेलास तर वाटेत टायर तापून फाटंल," ती म्हणाली आणि बासष्ट मारली. "जाताना बासष्ट. येताना बेचाळीस."

"अन् तिकडं हवा कोण काढणार? पोल्ट्रीवर मीटर न्हाई, काय न्हाई."

ही गोष्ट खरी होती. रत्नव्वा विचारात पडली. मग तिनं मागच्या चाकाच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या तोंडात काडी घातली आणि पिन दाबून धरली. हवा सुं सुं करत निघाली. तिचे ओठ हलत होते. मध्येच थांबून मीटर लावलं, पुन्हा दाबलं. बेचाळीस झाल्यावर ती उठली.

"एक्कावन्न वेळा."

"काय एक्कावन्न?"

"ॐ नमः शिवाय. पिन दाबायची, सावकाश एक्कावन्न वेळा म्हणायचं, सोडायची. एका चाकाला. दुसऱ्याला परत एक्कावन्न."

"मला आमच्या अंबाबाईचं नाव घेतलं तर चालंल का?"

"चालंल की. पर मला परत मोजाय लावतोस व्हय? नाव लहान-मोठं झालं की हवा कमी-जास्त हुईल." तिनं चाकाची हवा पुन्हा बासष्ट केली आणि त्याच्या हातात काडी दिली. "म्हण बघू. घाई न्हाई करायची. घाई केलीस तर पंचावन्नावरच थांबशील."

पिराजी उकिडवा बसला आणि म्हणू लागला. पहिल्यांदा भरभर म्हणाला. मीटर चोपन्न. दुसऱ्यांदा इतका रेंगाळला की अडतीस. तिसऱ्या खेपेला त्रेचाळीस. "चालतंय," रत्नव्वा म्हणाली. तिनं पुन्हा बासष्ट मारून त्याला वाटेला लावलं. रविवारी पेठ बंद, गाडी बंद.

सोमवारी ती रोजच्या वेळी आली. फळ्या काढल्या, पाणी सोडलं, पिंप भरलं. आज रांगोळी तिनं जरा आत, खोपटाच्या उंबऱ्याशी काढली. सव्वासातला पिराजीची गाडी नाक्यापाशी दिसली. तो थांबला नाही. वेळ झाला असावा. नुसता हॉर्न दिला आणि गेला. रत्नव्वानं पुढं होऊन गाडीच्या मागं बघितलं. फाळका कोरडा दिसला. पण धावत्या गाडीचं काय सांगावं? कुत्रं मात्र आज रस्त्याच्या कडेला आपलं बसूनच होतं.

त्या सकाळी तिच्याकडून एक पॅच उलटा लागला. दुधाच्या गाडीवाल्याला तिनं दोनदा विचारलं, पुढचं चाक म्हणालास की मागचं.

पिराजी साडेअकराला आला. गाडी लावली, उतरला, टॉवेल सोडला, तोंड पुसलं. मुद्दाम वेळ लावत होता.

"बोल की मुडद्या!"

"चौसष्ट."

"फुटली?"

"फुटली चौसष्ट. शेठनं स्वतः दोनदा मोजायला लावली. त्याला वाटलं, मी वाटंत फुटकी फेकून आलो." पिराजी आता मोकळा हसला. "काय केलंस म्हणला. म्या म्हणलं, हवा काढली. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय."

"मग मंगळवारचं?"

"येच म्हणला. पर दुसरीकडं इज्जत गेली माझी. पहाटे पोल्ट्रीवर चाकाला तोंड लावून नमः शिवाय म्हणत बसलोय, अन् मागं समदी कामकरी गोळा! एक म्हातारी मला हात जोडून गेली. आता ती लोकं मला पिराय्या म्हणत्यात."

रत्नव्वा हसली नाही. तिनं टायरला हात लावला, कॉम्प्रेसरची नळी ओढली आणि विचारलं, "पोती किती हैत?"

"चोवीस."

"दोन कमी हैत आज." तिनं मीटर बघत साठवर हवा थांबवली. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथंही साठ. मग झाकणं बसवली आणि प्रत्येकावर अंगठा दाबून बघितला.

"येतो, मावशी. सकाळी हाय परत."

"मोजताना घाई करू नको," ती म्हणाली.

गाडी गेली. एक शाळेतली पोरगी सायकल ढकलत येऊन उभी होती, मागचं चाक बसलेलं. रत्नव्वानं सायकल उलटी केली, टायर सोडवलं, ट्यूब बाहेर काढली आणि पिंपातल्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवत बुडबुडा कुठं येतो ते बघू लागली.